दरीला नाव ठेवणारा माणूस

दर वर्षी ऑगस्ट संपत आला की मराठीत ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’वरच्या लेखांचा हंगाम येतो. दिवाळी अंकांत, ट्रेकिंग ग्रुपच्या स्मरणिकांत, रविवारच्या पुरवण्यांत. त्यांचा साचा ठरलेला असतो. गोविंदघाट, तिथून वर घांगरियापर्यंतची चढण, खेचरांची लीद, पावसाची भुरभुर, दुसऱ्या दिवशी दरी, तिसऱ्या दिवशी हेमकुंडाच्या लंगरातला गरम चहा. मधे कुठेतरी, साधारण चौथ्या परिच्छेदात, फ्रँक स्माइथ येतो. १९३१ साली वाट चुकलेल्या या ब्रिटिश गिर्यारोहकाने ही दरी शोधून काढली आणि पुढे तिच्यावर पुस्तक लिहिलं, एवढं सांगून तो निघून जातो. मग निसर्गाने केलेली रंगांची उधळण येते, डोळ्यांचं पारणं फिटतं, शब्द अपुरे पडतात आणि लेख संपतो.

शब्द अपुरे पडतात या वाक्याची मला अडचण वाटते. ज्या पुस्तकामुळे या दरीला तिचं नाव मिळालं, त्या पुस्तकात शब्द अपुरे पडत नाहीत. ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ १९३८ साली प्रसिद्ध झालं. त्याचं नाव सगळीकडे छापलं जातं, पण आपल्याकडे ते वाचल्याच्या खुणा फार थोड्या ठिकाणी दिसतात. वाचलं असतं तर निदान वाट चुकल्याची गोष्ट इतकी पसरली नसती. कारण स्माइथ वाट चुकला नव्हता. कामेट शिखर (७,७५६ मीटर) सर करून परतताना त्याची तुकडी गमशाली गावाहून भ्यूंदार खिंड ओलांडून बद्रीनाथच्या बाजूला उतरायचं, असा बेत करूनच निघाली होती. तुकडीत एरिक शिप्टन होता, डॉक्टर रेमंड ग्रीन होता आणि वनस्पतींचं वेड असलेला आर. एल. होल्ड्सवर्थ होता. खिंडीतल्या थंडी-पावसातून ते खाली उतरले आणि फुलांत येऊन पडले.

वाट चुकल्याची गोष्ट आपल्याला का आवडते, ते कळतं. तिच्यात दरी आपोआप सापडते, कोणालाच काही करावं लागत नाही. लेखकाने गाडीत बसायचं, चालायचं आणि पाहून थक्क व्हायचं. स्माइथचं पुस्तक नेमकं याच्या उलट आहे. १९३१च्या त्या ओझरत्या भेटीबद्दल पहिल्या प्रकरणात सांगून झालं की उरलेलं पुस्तक १९३७ सालचं आहे, आणि त्या वर्षी तो ठरवून, तयारी करून, केवळ या दरीसाठी परत आला. मधल्या काळात तो एव्हरेस्टच्या दोन मोहिमांवर जाऊन आला होता आणि घरच्या बागेत रमू लागला होता. आता त्याला शिखरं हवीच होती, पण त्याआधी झाडं ओळखायची होती, दाबून वाळवायची होती, बिया गोळा करायच्या होत्या.

स्माइथचं शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं. नोकरीत त्याचं मन रमलं नाही आणि पुढे तो लिहून, फोटो काढून, व्याख्यानं देऊन जगला. माझ्यासारख्या, दिवसभर कोड लिहून रात्री साहित्य वाचणाऱ्या इंजिनिअरला ही माहिती सुखावते हे खरं. पण तिचा पुस्तकाशी थेट संबंधही आहे. या पुस्तकाचं गद्य दोन हातांनी लिहिलेलं आहे. एक हात १९३७च्या युरोपला कंटाळलेल्या माणसाचा: यंत्रं, गर्दी, युद्धाची चाहूल यांपासून पळून आलेला, शांतीवर प्रवचन द्यायला सतत उत्सुक. दुसरा हात नोंदी ठेवणाऱ्याचा. पहिला हात आज वाचताना जड जातो. डोंगरात गेल्यावर सुचणारे विचार डोंगरातच फार मोठे वाटतात, आणि ते उतरवून काढताना स्माइथला थांबता येत नाही. दुसरा हात मात्र अजून ताजा आहे.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण फुलांचं नाही, पावलांचं आहे. बर्फात त्यांना मोठ्या पावलांचे ठसे दिसतात. बरोबरचे शेर्पा घाबरतात. त्यांच्या मते ते हिममानवाचे आहेत. स्माइथ ठसे मोजतो, फोटो काढतो, शेर्पांचं म्हणणं त्यांच्या नावानिशी लेखी घेतो, सगळं लंडनला तज्ज्ञांकडे पाठवतो. उत्तर येतं: अस्वल. आधी नोंद, मग साक्षीदार, मग तपासणी, मग निष्कर्ष. आमच्या धंद्यात सापडलेल्या चुकीची नोंद अशीच करावी असं शिकवतात आणि क्वचितच कोणी करतं. यात मला आवडतं ते हे की शेर्पांचं म्हणणं आपल्या निष्कर्षाविरुद्ध जात असूनही तो ते गाळत नाही. वाचकासमोर दोन्ही ठेवतो.

फुलांच्या बाबतीतही हीच शिस्त दिसते. प्रिम्युला, अँड्रोसेस, पोटेन्टिला, नोमोकॅरिस, निळी खसखस म्हणजे मेकोनोप्सिस अक्युलिआटा. प्रत्येक कुठे, किती उंचीवर, कशा जमिनीत, कोणाच्या शेजारी. सुरुवातीला ही नावं वाचकाला दमवतात. पन्नासेक पानांनंतर लक्षात येतं की दरी डोळ्यांसमोर उभी राहते आहे ती या नावांमुळे, विशेषणांमुळे नव्हे. ‘रंगीबेरंगी गालिचा’ म्हटलं की गालिचा दिसतो. खडकाच्या फटीतली खसखस आणि तिच्या खाली ओलीत वाढणारी प्रिम्युला म्हटलं की उतार दिसतो, पाणी कुठून वाहतं ते दिसतं.

पुस्तकाची दुसरी ताकद काळाची आहे. स्माइथ जूनमध्ये येतो तेव्हा बर्फ अजून पुरतं वितळलेलं नसतं. पहिली फुलं बर्फाच्या कडेने सरकत वर जातात, त्यांच्या मागून दुसरी येतात, मग तिसरी बुटक्यांना झाकत उंच वाढतात. मधे तो पीटर ऑलिव्हरबरोबर शिखरांवर जातो, माना शिखराचा माथा एकट्याने गाठतो आणि शरदात पुन्हा दरीत येतो. बहर ओसरलेला असतो. पण त्याचं खरं काम तेव्हाच असतं, कारण बिया तेव्हा तयार होतात. फुलांच्या दरीवरचं हे पुस्तक फुलं गेल्यावरही चालू राहतं. आपल्या लेखांत फुलं नेहमी एकाच दिवशी, एकाच वेळी फुललेली असतात. त्यांना आदला आठवडा नसतो आणि पुढचा महिनाही नसतो.

अर्थात स्माइथला जे करता आलं ते आज कायद्याने करता येत नाही. १९८२ साली ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ साली नंदादेवीच्या जोडीने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरचं हे उद्यान जून ते ऑक्टोबर उघडं असतं, सकाळी आत जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं. मुक्काम नाही. हा नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की टूर कंपन्या जे नाव विकतात ते काही महिन्यांच्या वास्तव्यातून आलेलं आहे, आणि जे देतात ते पाच-सहा तासांचं आहे. या तफावतीबद्दल लिहिणारा मराठी लेख मी अजून वाचलेला नाही. तक्रार म्हणून नव्हे, निदान नोंद म्हणून तरी ती यायला हवी.

आता पुस्तकाच्या उणिवेकडे. मराठीत नाव ठेवणं म्हणजे बारसं करणं, आणि नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं. स्माइथने दरीला नाव ठेवलं. त्या नावालाच थोडी नावं ठेवायला हवीत.

दरीला नाव होतं. भ्यूंदार. त्या नावाचं गाव होतं, नदी होती, खिंड होती. गावातली माणसं उन्हाळ्यात वर येत, थंडीत खाली जात. मेंढपाळ आपले कळप याच कुरणांवर चारत. गढवालात अशा उंचावरच्या कुरणांना बुग्याल म्हणतात आणि बुग्यालांत वागायचे नियम असतात. तिथे आछरी म्हणजे पऱ्या राहतात. गडद रंगाचे कपडे घालून, मोठ्याने गात-वाजवत फिरणाऱ्याला त्या उचलून नेतात, असं मानतात. भाद्रपदातल्या नंदाष्टमीच्या आधी ब्रह्मकमळ तोडायचं नाही. नंदादेवीला वाहिल्यावर मगच. याला अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येईल, पण हिशेब करून पाहा: भाद्रपदापर्यंत फूल तोडायचं नाही म्हणजे त्याला बी धरायला सवड मिळते. स्माइथ ज्या शरदाची वाट पाहत होता, त्याची वाट गावकरीही पाहत होते. एक बियांच्या पाकिटासाठी, दुसरे देवीसाठी.

पुस्तकात ही दुसरी वाट पाहणारी माणसं जवळजवळ नाहीत. मेंढपाळ आणि त्यांची जनावरं अधूनमधून दिसतात, पण ती निसर्गचित्रातल्या आकृत्यांसारखी. फुलांची स्थानिक नावं शोधायची असतील तर या पुस्तकाचा फारसा उपयोग नाही. त्याची सूची लॅटिन आहे. पावलांच्या ठशांबद्दल ज्याने शेर्पांची लेखी साक्ष घेतली, त्याने फुलांबद्दल मेंढपाळांची साक्ष का घेतली नाही? तो वाईट माणूस होता म्हणून नव्हे. शेर्पांबद्दल, विशेषतः वांगडी नुरबूबद्दल, तो आपुलकीने लिहितो, जरी ती आपुलकी त्या काळच्या साहेबाची असली तरी. मला वाटतं, कारण असं की हिममानव हा त्याच्या मते स्थानिकांचा विषय होता आणि वनस्पतिशास्त्र त्याचा. ज्ञानाची ही वाटणी त्याने तपासली नाही. पुस्तकाची हीच सर्वांत मोठी मर्यादा आहे, आणि त्याचे परिणाम पुस्तकाबाहेर झाले.

कारण नाव पसरलं तसं दरीचं काम बदललं. कुरण पाहण्याची जागा झालं. पुस्तकानंतरच्याच वर्षी, १९३९ साली, जोन मार्गारेट लेग ही इंग्लंडहून वनस्पती गोळा करायला आली आणि जुलैमध्ये फुलं गोळा करताना कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी दरीत आहे, तिथे जाऊन फोटो काढायची प्रथा आहे. तिने काय गोळा केलं याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या लेखांत ती फक्त मरते. पुढे उद्यान झालं आणि चराई बंद झाली. शेजारच्या नंदादेवी उद्यानाच्या बाबतीत लाता गावच्या लोकांनी १९९८ साली ‘झपटो छीनो’ आंदोलन करून आपल्या डोंगरावरच्या हक्काचा प्रश्न विचारला. चिपकोचं रैणी गाव तिथून जवळच. म्हणजे ज्या मुलखाला आपण निर्जन स्वर्ग म्हणून पाहायला जातो, तो देशातल्या सर्वांत जागरूक गावांचा मुलूख आहे.

चराई बंद झाल्यावर फुलांचं काय झालं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते गुरं गेल्यामुळे उंच, दांडगी झुडपं माजली आणि बुटकी फुलं दबली. काहींच्या मते जास्त चराईनेच आधी नुकसान केलं होतं आणि बंदी हवीच होती. ज्या झाडावरून वाद आहे ते पॉलिगोनम पॉलिस्टाकियम, स्थानिक नाव अमेला. वनविभाग दर वर्षी माणसं लावून ते उपटतो. मी गेलो तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यांनी त्याच्या पांढऱ्या तुऱ्यांसमोर फोटो काढले. सोबतचा वाटाड्या तिथल्याच गावचा होता. तो हसून म्हणाला, साहेब, हे तर आम्ही उपटतो. मग त्याने तीन-चार झाडांची नावं सांगितली, कुठलं पोटदुखीवर देतात ते सांगितलं, आणि घड्याळ पाहून परत फिरायला लावलं. त्या दिवशी दरीबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंचसं त्या पाच मिनिटांतलं आहे.

अमेला परका नाही, हिमालयातलाच आहे. परका झाला तो इंग्लंडमध्ये, जिथे बागेसाठी नेलेलं हेच झाड आता तण मानलं जातं. त्याहून प्रसिद्ध उदाहरण तेरड्याचं. पश्चिम हिमालयातला एक पुरुषभर उंचीचा तेरडा १८३९ साली इंग्लंडमध्ये बागेसाठी नेला गेला. तेरड्याची शेंग पिकली की फट्कन फुटते आणि बी दूर उडतं, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. तिकडे ते नदीकाठाने सगळीकडे पसरलं. आज तिथले स्वयंसेवक उन्हाळ्यात गट करून तो उपटायला जातात. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. तिथे तो पावणेदोनशे वर्षांहून जास्त टिकला आहे. स्माइथच्या बिया या लांबलचक देवघेवीतल्या अगदी उशिराच्या. पण पुस्तक वाचताना ही देवघेव लक्षात असली की बिया गोळा करण्याचे साधे, सुंदर प्रसंग तेवढे साधे राहत नाहीत.

आणखी एक गोष्ट भाषांतरात हरवते: ऋतू. स्माइथसाठी हा उन्हाळा आहे. जून, जुलै, ऑगस्ट हा त्याचा समर. आपले लेखकही ‘समर ट्रेक’ हा शब्द उचलतात, आणि मग पानापानावर पाऊस पडतो. आपल्यासाठी हा आषाढ-श्रावण आहे. हिमालयातला हा बहर वितळलेल्या बर्फाच्या आणि मोसमी पावसाच्या पाण्यावर उभा राहतो, म्हणजे आपल्या सड्यावरच्या फुलांचा तो दूरचा नातलग आहे. हे नातं मराठी लेखकाला आयतं मिळालेलं आहे आणि स्माइथला ते मिळणं शक्य नव्हतं. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ची रचना चैत्रापासूनच्या मराठी महिन्यांवर केली, त्यामुळे झाडांकडे पाहायला त्यांना उसना ऋतू लागला नाही. मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांना विचारून विचारून शब्द जमवले. म्हणजे स्माइथकडे नसलेल्या दोन गोष्टी, आपलं पंचांग आणि स्थानिकांची नावं, मराठी निसर्गलेखनाच्या घरातच आहेत. हिमालयात जाताना आपण त्या घरी का ठेवून जातो?

ब्रह्मकमळाचंच पाहा. मराठी वाचकाला ब्रह्मकमळ म्हटलं की शेजारच्या गॅलरीतलं, रात्री उमलणारं, पांढरं फूल आठवतं. ते मुळात अमेरिका खंडातलं निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ओब्व्हालाटा: दिवसा दिसणारं, फिकट हिरव्या-पिवळसर पापुद्र्यांत जांभळा गुच्छ लपवणारं. एकाच नावाची दोन फुलं, एक पाहुण्यांना रात्री जागवून दाखवायचं, दुसरं नंदाष्टमीपर्यंत हात न लावण्याचं. यावर कोणी नीट दोन पानं लिहिली तर ती डझनभर स्वर्गांहून मोलाची ठरतील. पण बहुतेक लेखांत ‘दुर्मीळ ब्रह्मकमळाचं दर्शन झालं’ एवढंच येतं, आणि कोणतं ब्रह्मकमळ हे वाचकाने समजून घ्यायचं.

हा केवळ भाषेच्या आळसाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. आपण फुलांबद्दल जसं लिहितो तसंच पुढे त्यांच्याशी वागतो. कास पठारावर हे आपल्या डोळ्यांदेखत झालं. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासचं नाव जागतिक वारशात आलं. त्याच्या मागे-पुढे तिथे फोटो आले, लेख आले, गर्दी आली, तिकीट आलं, कुंपण आलं. गुरं बाहेर राहिली. मग गुरं न फिरल्यामुळे गवत माजतं का आणि फुलं कमी होतात का, असा वाद सुरू झाला आणि शेवटी कुंपण काढलं गेलं. भ्यूंदारचाच वाद, सह्याद्रीच्या सड्यावर. दोन्हीकडे आधी गालिचा झाला आणि मग गालिच्यावर गुरं कशी चालतील, असा प्रश्न आला. गालिचा हा शब्दच नसता तर कदाचित ते कुरण राहिलं असतं, आणि कुरणाबद्दल बोलताना गुराख्याला विचारावंच लागतं.

म्हणून स्माइथचं पुस्तक वाचावं, असं माझं मत आहे. त्यातली शांतीवरची प्रवचनं चाळली तरी चालतील. पण त्याची नोंदीची सवय, नाव माहीत नसेल तर फूल दाबून ठेवून तज्ज्ञाला विचारण्याची चिकाटी, आणि बहर गेल्यावर परत येण्याची इच्छा या तीन गोष्टी घ्याव्यात. आणि त्याने न विचारलेला प्रश्न आपण विचारावा: तुम्ही याला काय म्हणता?

२०१३च्या जूनमधल्या पुरात भ्यूंदार गावाचं अतोनात नुकसान झालं, वाट वाहून गेली. वाट पुन्हा झाली, हंगाम पुन्हा सुरू झाला. आपल्या लेखांत तो पूर बहुधा ‘निसर्गाचं रौद्र रूप’ या तीन शब्दांत संपतो. ज्या गावाच्या नावाची दरी आहे ते गाव कुठे गेलं, तिथली माणसं आता हंगामात काय काम करतात, खेचर कोणाचं, कंडीत बसवून पर्यटकाला पाठीवर वाहून नेणारा कुठून येतो, त्याला दिवसाचे किती मिळतात, अमेला उपटायला कोण जातं, हे घांगरियाच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारता येतं. पावसामुळे तिथे तास-दोन तास तसंही बसावं लागतं.